मराठी पडद्यावरचे वडीलधारे : नटवर्य केशवराव दाते

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या कर्तृत्ववान मराठी व्यक्तीचे चरित्र असावे, हा प्रघात जुना आहे आणि तो योग्यही आहे. संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ, सेनानी यांची चरित्रे आपण अशा अंकांतून नेहमी वाचत आलो. या वेळी एका नटाचे स्मरण करावे असे मनात आले, आणि त्याला कारणही तसेच घडले.

हेब्बाळच्या परिसरात आज जी मराठी कुटुंबे नांदत आहेत, त्यांतील जुनी मंडळी कोणी कृषी विद्यापीठाच्या, कोणी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या, कोणी एच. एम. टी.च्या नोकरीनिमित्त बेंगळुरूस आली. नवी मंडळी संगणकाच्या व्यवसायामुळे आली. मुले येथेच वाढली. त्यांचे कन्नड चांगले, हिंदी त्याहून चांगले, आणि मराठी मात्र घरापुरते, असे चित्र अनेक घरांतून दिसते. अशाच एका घरी सुट्टीच्या दिवशी जुना 'पडोसी' हा हिंदी चित्रपट लागला होता. घरातील आजोबा तो एकाग्रतेने पाहत होते. मध्येच ते म्हणाले की, हा चित्रपट आपण मराठीत पाहिला आहे. मिर्झा हेच होते, पण त्यांचा हिंदू मित्र मात्र निराळा होता, ते केशवराव दाते होते. नातवाला हे नाव ठाऊक नव्हते. त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. परंतु चित्रपट तोच, दिग्दर्शक तोच, कथाही तीच असताना एका भाषेत दिसणारा नट दुसऱ्या भाषेत दिसतच नाही, ही गोष्ट मनात घर करून राहिली. आपण आपली भाषा सोडली तर नेमके काय हातचे जाते, याचे इतके साधे उदाहरण दुसरे सापडणार नाही. म्हणून केशवरावांच्या कलाजीवनाचा हा अल्प परिचय.

केशवराव दाते यांचा जन्म १८८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील अडिवरे येथे झाला. हिंदुस्थानात चलच्चित्रांचा पहिला खेळ मुंबईस झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे ज्या माध्यमाने पुढे त्यांचे नाव घरोघरी नेले, ते माध्यम त्यांच्या बालपणी या देशात नुकतेच पाऊल टाकीत होते. तरुणांच्या कलेच्या ओढीला त्या काळी एकच मोठे द्वार उघडे होते, आणि ते म्हणजे नाटक कंपनीचे. केशवराव महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले आणि त्या संस्थेच्या प्रारंभीच्या काळापासून तिच्या प्रमुख नटांत गणले जाऊ लागले.

या मंडळीचे वैशिष्ट्य ध्यानात घेतल्यावाचून केशवरावांच्या अभिनयाचे मर्म उमगणार नाही. तो काळ संगीत रंगभूमीच्या वैभवाचा होता. किर्लोस्कर मंडळी, पुढे गंधर्व मंडळी व ललितकलादर्श यांच्या नाट्यगृहांत पदांना 'वन्स मोअर' मिळत, आणि संवादात पडलेले उणे पुष्कळदा गाण्याने भरून निघे. महाराष्ट्र नाटक मंडळीने मात्र गद्य नाटकांचा मार्ग पत्करला. गद्य नाटकात नटाला गाण्याचा आधार नाही, साजसाथीचा नाही. शब्द, स्वर, नजर आणि दोन वाक्यांमधील स्तब्धता, एवढेच त्याचे भांडवल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक याच मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले. महाभारतातील कथेच्या आडून लॉर्ड कर्झनच्या राजवटीवर केलेला प्रहार प्रेक्षकांना अचूक कळला; सरकारलाही तो कळला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. नाटकातील शब्द राज्यकर्त्यांना बोचू शकतो, हे ज्या मंडळीने दाखवून दिले तिच्या तालमीत केशवरावांची घडण झाली.

खाडिलकरांचेच 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ साली आले. त्यातील आनंदीबाईची भूमिका केशवरावांनी केली आणि ती अतिशय गाजली. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची चाल तेव्हा रूढ नव्हती. स्त्रीपार्टी पुरुष नटच करीत. त्यांत लावण्य आणि लाघव दाखविणारे नट पुष्कळ होते. आनंदीबाईचे काम निराळे. येथे महत्त्वाकांक्षा आहे, मत्सर आहे, पतीवर चालणारी सत्ता आहे, आणि एका अक्षराच्या फेरफाराने कोवळ्या पुतण्याचा बळी घेणारी क्रूरता आहे. गोड गळ्याने किंवा सुंदर शालूने हे काम निभावत नाही. मनात चाललेले कारस्थान चेहऱ्यावर न आणता प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावे लागते. विशीतील एका तरुणाने हे साधले. पुढे ते पुरुष भूमिकांकडे वळले. परंतु आतील विचार बाहेर न सांडता दाखविण्याची जी विद्या आनंदीबाईने त्यांना दिली, तीच पुढे बोलपटात त्यांच्या उपयोगी पडली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९३३ हे वर्ष मराठी रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाचे. १ जुलै रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. नॉर्वेतील नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्रीधर विनायक वर्तक यांनी ते रचले होते. पुरुषाने स्त्रीकडून जे चारित्र्य अपेक्षावे तेच स्त्रीने पुरुषाकडून का मागू नये, असा रोकडा प्रश्न त्यात होता. दिवाणखान्याचा खराखुरा वाटणारा देखावा, आटोपशीर प्रयोग, स्वाभाविक बोलणे आणि स्त्रियांच्या भूमिकांत ज्योत्स्नाबाई भोळे व पद्मावतीबाई वर्तक यांसारख्या स्त्रिया, असा सारा नवा थाट होता. या नव्या मंडळींत केशवराव दाते होते. स्वतः स्त्रीभूमिकेत नाव मिळविलेला हा नट चव्वेचाळिसाव्या वर्षी अशा प्रयोगात उभा राहिला की ज्याच्यामुळे पुरुषांनी स्त्रीपार्टी करण्याची गरजच संपू लागली. आपल्या यशाची जुनी वाट बंद होत असता नव्या वाटेवरच्या लोकांना साथ देणे, ही मनाची मोठी उदारता होय. संस्था अल्पायुषी ठरली. तिने पेरलेले बीज मात्र टिकले.

याच सुमारास बोलपटाचे युग सुरू झाले होते. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. कोल्हापुरात जन्मलेली प्रभात १९३३ साली पुण्यास आली. आपणा बेंगळुरूकरांना येथे एक योगायोग नमूद करावासा वाटेल : प्रभातने कोल्हापूर सोडले, तरी कोल्हापूरच्या चित्रनगरीचा लौकिक एवढा होता की पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' याचे चित्रण तेथेच झाले आणि १९३४ साली तो बेंगळुरूस झळकला. कन्नड बोलपटाचा पाळणा मराठी मुलखात हलला, हे आपल्या कन्नड शेजाऱ्यांना आपण अवश्य सांगावे. आणि त्याबरोबर हेही सांगावे की १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला, तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. देणेघेणे असे दोन्ही बाजूंनी चालत आले आहे.

त्याच १९३४ साली प्रभातच्या पुण्यातील नव्या स्टुडिओतून 'अमृतमंथन' बाहेर पडला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवर कथा आधारलेली. राजा क्रांतिवर्मा देवीपुढील पशुबळी आणि नरबळी बंद करतो. परंपरेचा अभिमानी राजगुरू त्याच्या वधाची आज्ञा देतो. आणि अखेर स्वतःचेच मस्तक देवीच्या चरणी अर्पण करतो. प्रभातच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे हा चित्रपट हिंदी व मराठी अशा दोन भाषांत तयार झाला. एकाच देखाव्यावर, एकाच प्रकाशयोजनेत, आधी एका भाषेतील प्रसंग टिपावयाचा आणि मग दुसऱ्या भाषेतील, अशी पद्धत होती. हिंदी आवृत्तीत राजगुरू झाले चंद्रमोहन. त्यांचे मोठे, पाणीदार डोळे साऱ्या हिंदुस्थानच्या लक्षात राहिले. मराठी आवृत्तीत राजगुरू झाले केशवराव दाते.

दोघांची तुलना करून एकाला उणे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु भूमिकेच्या गाभ्याकडे पाहावे. राजगुरू हा पैशासाठी किंवा सिंहासनासाठी पाप करणारा खलपुरुष नव्हे. आपण धर्म राखीत आहोत, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे. म्हणूनच तो भयंकर आहे. अशा माणसाचा आवाज चढलेला असून चालत नाही. त्याची खात्री शांत असावी लागते. गद्य नाटकाच्या शाळेत वाढलेल्या केशवरावांजवळ हा शांत स्वर होता. ज्या कंपनीने त्यांना खाडिलकरांची भारदस्त वाक्ये पेलावयास शिकविले, त्याच कंपनीच्या शिकवणुकीने ध्वनिग्राहकापुढे हळू बोलूनही दरारा निर्माण करण्याचे सामर्थ्य त्यांना दिले.

केशवरावांच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९३७ सालचा 'कुंकू'. याचीही कथा नारायण हरी आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीतून घेतलेली. हिंदी आवृत्तीचे नाव 'दुनिया न माने'. या वेळी मात्र दोन्ही भाषांत काकासाहेबांची भूमिका केशवरावांनीच केली आणि नीरेची भूमिका शांता आपटे यांनी. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरील प्रेक्षकांना केशवराव ज्ञात झाले ते मुख्यतः याच चित्रपटाने.

जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकांना नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' या नाटकाने १८९९ सालापासून महाराष्ट्र हलवून सोडला होता. परंतु 'शारदे'तील भुजंगनाथ हा हास्यास्पद म्हातारा आहे. प्रेक्षक त्याला हसतो, त्याची फजिती पाहून सुखावतो आणि आपण तसे नाही या समाधानात घरी जातो. 'कुंकू'तील काकासाहेब तसे नाहीत. ते सुशिक्षित आहेत, वकील आहेत, समाजात मानाने वावरणारे विधुर आहेत. त्यांना मोठी मुले आहेत. अशा भल्या गृहस्थाने, मामाने पैशाच्या लोभाने उभ्या केलेल्या एका पोरक्या तरुणीशी लग्न लावले आहे, आणि यात आपले काही चुकले असे प्रारंभी त्यांना वाटतही नाही. नीरा मात्र ते लग्न मानण्याचे साफ नाकारते. घर सोडून ती पळत नाही. त्याच घरात राहून ती आपला नकार दिवसामागून दिवस उभा ठेवते.

भुजंगनाथाला हसणे सोपे. काकासाहेबांना हसता येत नाही. चित्रपटाची सारी कसोटी या एका गोष्टीवर होती. नटाने काकासाहेबांना दुष्ट केले असते, तर नीरेचा विजय स्वस्त झाला असता. त्यांना निव्वळ दयनीय केले असते, तर नीराच कठोर ठरली असती. केशवरावांनी या दोन्ही टोकांमधली अरुंद वाट धरली. तरुण दिसण्याची त्यांची धडपड, आरशासमोरचा त्यांचा स्वतःशी चाललेला खटाटोप, कलप, ऐट, आणि त्या साऱ्याच्या मागे हळूहळू उगवणारी जाणीव, हे त्यांनी एकेका पायरीने दाखविले. भिंतीवरचे जुने घड्याळ या चित्रपटात पुनःपुन्हा दिसते. त्याचा लंबक जणू काकासाहेबांच्या सरत्या आयुष्याची मोजदाद करीत असतो. 'कुंकू'त पार्श्वसंगीत वापरलेले नाही, ही त्या काळी मोठ्या धाडसाची गोष्ट होती. घरातील, रस्त्यावरील नेहमीचे आवाज तेवढे ऐकू येतात. म्हणजे पुन्हा केशवरावांच्या नशिबी तेच आले : संगीताचा आधार नाही, जे काही उभे करावयाचे ते स्वतःच्या स्वरावर आणि मुद्रेवर. महाराष्ट्र नाटक मंडळीत तीस वर्षांपूर्वी गिरविलेला धडा येथे कामी आला.

काकासाहेबांची मुलगी स्वतः विधवा आहे आणि समाजसेवेत गढलेली आहे. ही भूमिका रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी केली. प्रत्यक्ष जीवनातही संततिनियमनाच्या कार्यासाठी त्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. मुलीच्या आणि नीरेच्या सान्निध्यात काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो. ज्या कुंकवाच्या बळावर त्यांनी नीरेवर हक्क सांगितला, त्या कुंकवाचाच हक्क ते सोडतात. तिला मुलगी मानतात. आणि तिने पुन्हा विवाह करावा अशी इच्छा मागे ठेवून स्वतःला तिच्या वाटेतून कायमचे दूर करतात. हा शेवट आज आपणास पटो वा न पटो. आत्मनाशाऐवजी त्यांनी जिवंत राहून प्रायश्चित्त घ्यावयास हवे होते, असे आजचा विचारी प्रेक्षक म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. परंतु चूक उमगलेल्या वडीलधाऱ्या पुरुषाचा चेहरा मराठी पडद्याने प्रथम इतक्या जवळून पाहिला तो येथे. त्या वेळी केशवराव जेमतेम अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. वार्धक्य हे त्यांच्या वयात नव्हते. ते त्यांच्या कलेत होते.

चार वर्षांनी, १९४१ साली, 'शेजारी' आला. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचे, आणि प्रभातमधील शांतारामांचा हा अखेरचा चित्रपट. एका खेड्यात जीवबा पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे मित्र शेजारी राहतात. बुद्धिबळाचा पट मांडून बसणे हा त्यांचा नित्याचा विरंगुळा. धरण बांधू पाहणारा ओंकार नावाचा ठेकेदार त्यांच्यात फूट पाडतो, संशयाचे विष कालवतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची दोन घरे एकमेकांना पारखी होतात. अखेरीस मृत्यूच्या दारातच दोघे मित्र पुन्हा एक होतात. फुटलेल्या धरणाच्या लोंढ्यात हातात हात घेऊन ते जग सोडतात. १९४० सालच्या मार्च महिन्यात लाहोरचा ठराव झाला होता आणि देशाच्या फाळणीची भाषा उघड होऊ लागली होती. अशा वेळी या चित्रपटाने शेजाऱ्यांच्या मैत्रीची कैफियत मांडली.

हिंदी 'पडोसी'त शांतारामांनी एक मर्मज्ञ योजना केली. हिंदू ठाकूर झाले मजहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठी 'शेजारी'त जागीरदार मिर्झाच राहिले. जीवबा मात्र झाले केशवराव दाते. आमच्या त्या घरातील आजोबांना जे आठवले ते हेच. राजगुरूचा शांत दरारा, काकासाहेबांची सुसंस्कृत घालमेल, आणि आता जीवबाचे रांगडे, हट्टी, मातीत मुरलेले प्रेम : तीन चित्रपटांत तीन निराळ्या थरांतली माणसे. राजगुरूची भाषा पोथीतली, काकासाहेबांची कचेरीतली, जीवबाची शिवारातली. एकाच नटाच्या जिभेवर मराठीची ही तीन रूपे सारख्याच सहजतेने वसली होती. भूमिकांचे वैविध्य वेषभूषेवरून मोजणे सोपे. परंतु भाषेच्या थरांतून मोजले तर त्या वैविध्याची खरी किंमत कळते.

आणि येथेच ती हळहळ वाटते. या तीन भूमिकांपैकी राजगुरू आणि जीवबा या दोन, हिंदीत दुसऱ्यांनी केल्या. चंद्रमोहन आणि मजहर खान हे दोघेही थोर नट, यात शंका नाही. पण केशवरावांचा राजगुरू आणि केशवरावांचा जीवबा मराठी आवृत्तींतच आहेत. त्यांचा हिंदी पर्याय नाही, तर्जुमा नाही. ज्याला मराठी येते त्यालाच ते पुरते भेटतात.

१९४२ साली शांतारामांनी मुंबईस राजकमल कलामंदिराची स्थापना केली. केशवरावांचेही या संस्थेशी दीर्घकाळचे नाते जडले. १९४४ साली राजकमलने सावता माळ्याच्या चरित्रावर 'भक्तीचा मळा' काढला, हिंदीत 'माली'. सावत्याची भूमिका मास्टर कृष्णरावांनी केली आणि दिग्दर्शनाची धुरा केशवरावांनी वाहिली. कांदा-मुळ्यात विठ्ठल पाहणाऱ्या संताची कथा त्यांनी हाती घ्यावी, हे त्यांच्या साध्या, आडंबररहित अभिनयदृष्टीशी सुसंगतच होते.

१९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आपणा घरापासून दूर राहणाऱ्यांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. सोलापूरचे तरुण डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. चित्रपटात कोटणीस झाले स्वतः शांताराम आणि त्यांचे वडील झाले केशवराव. भूमिका आकाराने लहान. पण मुलाने जवळ राहावे ही आस आणि त्याने मोठे काम करावे हा अभिमान, या दोहोंमध्ये उभा असलेला बाप त्यांनी दाखविला. आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी असेच एखाद्या स्थानकावर आपला निरोप घेतला असेल! आज आपल्यातलेच अनेक जण मुलांना परदेशी पाठवून हेब्बाळच्या घरी मागे राहिले आहेत. त्यांना हा बाप परका वाटणार नाही.

पुढे १९५५ सालच्या 'झनक झनक पायल बाजे' या रंगीत चित्रपटात ते नायक गिरधरचे पिता आणि नृत्यगुरू मंगल महाराज झाले. कलेपुढे दुसरे काही न मानणारा, मुलावर प्रेम असूनही त्याला कठोर वाटणारा असा हा गुरू. १९५९ सालच्या 'नवरंग'मध्ये आणि १९६१ सालच्या 'स्त्री'मध्येही ते दिसले. बापाच्या, गुरूच्या, ऋषीच्या भूमिका आता त्यांच्याकडे ओघानेच येत. एव्हाना त्यांचे खरे वय भूमिकांच्या वयापर्यंत येऊन पोहोचले होते. १९७१ साली त्यांचे निधन झाले. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या काळापासून रंगीत चित्रपटांच्या काळापर्यंतचा सारा प्रवास त्यांनी एका आयुष्यात केला.

मागे वळून पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. केशवराव हे रूढ अर्थाने नायक नव्हते. जुने आणि नवे यांच्या झगड्यात जुन्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. राजगुरू जुन्या धर्माला कवटाळतो आणि त्यापायी मरतो. काकासाहेब जुन्या चालीचा लाभ घेतात आणि नंतर तिची किंमत स्वतः मोजतात. जीवबा जुनी मैत्री रागाच्या भरात मोडतो आणि प्राणाच्या मोलाने ती परत मिळवितो. तिघेही चुकतात. केशवरावांनी त्यांच्या चुकीवर पांघरूण घातले नाही, आणि त्यांची हेटाळणीही केली नाही. वडीलधाऱ्यांकडे पाहण्याची ही दृष्टी, म्हणजे त्यांचा मान राखूनही त्यांची चूक चूक म्हणणे, ही केशवरावांनी मराठी प्रेक्षकाला दिलेली देणगी आहे. परमुलखात वाढणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या घरांत या दृष्टीची आज किती निकड आहे, हे निराळे सांगावयास नको.

आज प्रभातच्या त्या वास्तूत चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे, आणि पुण्यातच १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपटांचे जतन केले आहे. जतन करणे हे संस्थांचे काम. पाहणे मात्र आपले काम. तेव्हा या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना करावीशी वाटते. वर्षातील एका संध्याकाळी 'पडोसी' आणि 'शेजारी' लागोपाठ दाखवावेत. कथा तीच असल्यामुळे मुलांना मराठी संवाद अवघड जाणार नाहीत. आपल्या कन्नड शेजाऱ्यांनाही आवर्जून बोलवावे. चित्रपटाचे नावच मुळी 'शेजारी' आहे. ठाकूर पाहून झाल्यावर मुलांना जीवबा पाहू द्यावा. मग कोणी समजावून न सांगताही त्यांच्या ध्यानात येईल की, मराठी आवृत्तीत एक माणूस असा आहे, जो हिंदीत भेटला नव्हता.

त्या माणसाचे नाव केशवराव दाते. त्यांना ओळखण्यापुरती मराठी आपल्या पुढच्या पिढीजवळ राहो, हीच या मंगलप्रसंगी प्रार्थना.